परिसर-प्रदर्शनात मैदानी छंद आणि निसर्ग यांच्या कार्यशाळा ठेवायच्या असतील, तर काय ठेवावे आणि काय टाळावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात नागरिकांची संघटना दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी प्रदर्शन भरवते. त्यात बचत गटांचे गाळे, खाद्यपदार्थ आणि रंगमंच असतो. यंदा एक कोपरा भटकंती, गिर्यारोहण आणि निसर्गनिरीक्षण यांना द्यायचे ठरले आहे. खर्चाची तरतूद बेताची आहे, स्वयंसेवक दहा-बारा आहेत, आणि तेथे नेमके काय मांडावे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी एका गिर्यारोहण मंडळाचा जुना सदस्य असून अशा प्रदर्शनांतून आमचा कोपरा मांडण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी आम्ही जे केले ते आपण करू नये, म्हणून तेच आधी सांगतो. आम्ही भाड्याने प्रस्तरारोहणाची तात्पुरती भिंत आणली. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत तिच्यासमोर रांग होती, वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. प्रत्येक मुलाला हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षापट्टा, चढवून उतरवण्यात पाच मिनिटे जात आणि प्रत्यक्ष चढाईला एक मिनिटही लागत नसे. आमचे सगळे अनुभवी लोक दिवसभर बकले आवळत राहिले, त्यामुळे कोणाशीही बोलायला कोणाला उसंत मिळाली नाही. पुढच्या रविवारी टेकडीवर फिरायला या, असे आम्ही ध्वनिक्षेपकावरून वारंवार सांगितले होते. त्या रविवारी जेमतेम चार जण आले आणि त्यांतले दोघे आमच्याच सदस्यांचे नातेवाईक होते.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. कार्यशाळेतून उठताना माणसाच्या हाताला एखादी गोष्ट जमली पाहिजे आणि ती गोष्ट त्याच आठवड्यात, घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, करून पाहता आली पाहिजे. या कसोटीला उतरणाऱ्या गोष्टी बहुधा स्वस्त असतात आणि दिसायला साध्या असतात. त्यामुळे आपल्या समितीतील काहींना त्या फिक्या वाटतील, याची तयारी ठेवा.

विषय ठरवण्याआधी जागा मागून घ्या. रंगमंचापासून सर्वांत दूरचा आणि शक्य असेल तर एखाद्या मोठ्या झाडालगतचा कोपरा मिळवा. लावणीच्या ठेक्यावर पक्ष्यांचे आवाज शिकवता येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो आहे. छापील वेळापत्रकावरही फार विसंबू नका. प्रदर्शनाला माणसे प्रवाहासारखी येतात आणि अकरा वाजता अमुक कार्यशाळा असे लिहिले तरी अकराला कोणी येत नाही. टेबले सतत चालू ठेवावीत आणि आठ-दहा जण जमले की वीस-पंचवीस मिनिटांचा एक डाव सुरू करावा.

माझ्या मते सर्वांत जास्त फळ देणारे टेबल दुर्बिणीचे असते. कितीतरी घरांत कपाटात एक दुर्बीण पडून असते आणि तिच्यातून नीट दिसत नाही अशी घरच्यांची समजूत झालेली असते. दोष बहुतेक वेळा दुर्बिणीचा नसतो, ती डोळ्यांना जुळवून घेतलेली नसते. तिच्यावरील 8×42 या आकड्यांचा अर्थ आधी सांगावा: वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर आहे. मग दोन नळ्या मधल्या बिजागरीवर इतक्या मिटवायच्या, की दोन वर्तुळांचे एक वर्तुळ व्हावे. त्यानंतर उजव्या बाजूचे पुढचे भिंग तळहाताने झाकून, मधले चाक फिरवत डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचे. नंतर डावे भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेवरील (डोळ्याला लावायच्या भिंगावरील) कडे फिरवून उजव्या डोळ्याचे चित्र जुळवायचे. एवढे एकदा झाले, की पुढे फक्त मधले चाक वापरावे लागते. चष्मा असणाऱ्यांनी नेत्रिकेभोवतीची रबरी कड खाली दुमडून ठेवावी, नाहीतर चित्राचा कडेचा भाग कापला जातो.

यापुढचे कौशल्य म्हणजे पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलणे. नवखा माणूस आधी खाली दुर्बिणीकडे पाहतो आणि मग वर पाहतो, तोवर पक्षी तर उडालेला नसतो पण फांदी हरवलेली असते. सरावासाठी आम्ही पुठ्ठ्याचे मुठीएवढे पक्षी कापून त्यांवर एकेक बारीक अक्षर लिहितो आणि समोरच्या झाडावर वेगवेगळ्या उंचीवर टांगतो. अक्षरे जुळवून शब्द सांगायचा असतो. यात आजोबा नातवंडांशी इतक्या चुरशीने भांडतात, की टेबलावरून त्यांना उठवावे लागते. अधूनमधून त्याच झाडावर खरा तांबट येऊन बसतो आणि मग कागदी पक्ष्यांकडे कोणी पाहत नाही. पाच दुर्बिणी पुरतात, त्या उसन्या मिळतात, आणि घरची दुर्बीण घेऊन या असे आधी जाहीर केले तर आणखी उत्तम.

दुसरे टेबल नकाशाचे ठेवा, पण नकाशापासून सुरुवात करू नका. आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. तीच परंपरा येथे कामाला येते. आम्ही एका मोठ्या टबात राजगडाची शाडूची प्रतिकृती करतो, मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. पाण्याने विरघळू नये म्हणून तिला तैलरंगाचा हात देतो. मग टबात दोन बोटे पाणी ओतायचे आणि पाणी जेथे टेकले तेथे किल्ल्याभोवती खडूने रेघ ओढायची. पुन्हा तेवढेच पाणी ओतायचे आणि पुन्हा रेघ. बालेकिल्ल्यापर्यंत पोचल्यावर पाणी काढून टाकायचे आणि मुलांना स्टुलावर उभे करून बरोबर वरून पाहायला सांगायचे. कडा जेथे तुटलेला आहे तेथे रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, माचीच्या सपाटीवर त्या लांब लांब जातात. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, ही कल्पना पुस्तकातून समजावताना माझा घसा बसला होता, टबातून ती सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत कळते.

त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा उलगडावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. डोंगराळ भागात लगतच्या दोन समोच्चरेषांत सामान्यतः 20 मीटरचा उभा फरक असतो, म्हणजे साधारण सहा-सात मजली इमारत. प्रत्येक पाचवी रेषा जाड असते. एवढे कळले, की माणूस आपल्या घरामागची टेकडी नकाशावर शोधू लागतो, आणि हेच आपल्याला हवे असते. होकायंत्राची ओळखही येथेच करून द्यावी. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (ध्रुवाकडची) यांच्यातला फरक एक अंशाहूनही कमी असल्याने नवशिक्यांना ती दुरुस्ती शिकवत बसण्याची गरज नाही. टेबल लोखंडी नसावे, एवढे मात्र पाहा. आमचे एका वर्षी होते, आणि अर्धा दिवस उत्तर दिशा चहाच्या गाळ्याकडे होती.

तिसरे टेबल गाठींचे. निवृत्त केलेल्या आरोहणाच्या दोराचे दीड-दीड मीटरचे तुकडे करावेत आणि टोकांना लाल रंग लावावा, म्हणजे पुढे कोणी ते चुकून चढाईसाठी वापरणार नाही. फिगर ऑफ एट, बोलाइन आणि क्लोव्ह हिच या तीन गाठी पुष्कळ झाल्या. मागे एकदा मुळशीकडून आलेले एक शेतकरी काका बराच वेळ आमचे पाहत उभे होते. मग त्यांनी दोर मागून घेतला आणि बैलाच्या दाव्याची गाठ बांधून दाखवली. ती आमच्या बोलाइनहून दिसायला वेगळी होती, परंतु काम तेच होते: कितीही ओढ बसली तरी गळ्याला फास लागत नाही आणि हवी तेव्हा सुटते. त्यानंतर दुपारभर ते टेबल त्यांनीच चालवले. आपल्या परिसरात असे कोणी असतील, तर त्यांना आधीच रीतसर बोलावून खुर्ची द्यावी.

सापांविषयी कार्यशाळा ठेवावी, पण जिवंत साप आणण्याचा प्रस्ताव कोणी मांडल्यास तो ठामपणे नाकारावा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार सापांचे असे प्रदर्शन बेकायदा ठरते, आणि गळ्यात साप घेतलेला माणूस पाहून मुले जे शिकतात ते नेमके शिकू नये असे असते. मोठी छायाचित्रे पुरेशी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांशेजारी त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप लावावेत. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट किंवा नाहीसे असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, तर कवड्या सापाचे पट्टे मानेपासून ठळक असून शेपटीकडे फिके होतात. हा फरक चित्रात शिकवावा, मात्र घरात साप निघाल्यावर जवळ जाऊन पट्टे मोजू नयेत, हेही त्याच दमात सांगावे. दंशावर चिरा देणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, माणसाला धीर देत, 108 वर दूरध्वनी करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे. वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

रोपवाटपाचा मोह आपल्या समितीला नक्की होईल. जानेवारीअखेर दिलेले रोप म्हणजे पुढचे चार महिने ऊन आणि पाणीटंचाई सोसायला दिलेले रोप. त्याऐवजी नावे नोंदवून घ्यावीत आणि मृगाचा पाऊस झाल्यावर रोपे द्यावीत. जे तेव्हाही येतील तेच ती जगवतील. बियांचे गोळे करण्याच्या कार्यशाळेलाही मी अलीकडे विरोध करतो. मुलांना मातीत हात घालायला आवडते हे खरे, पण ते गोळे मग गवताळ टेकड्यांवर भिरकावले जातात, जेथे मुळात झाडोरा दाट नसतो आणि गवतावर जगणारे पक्षी-कीटक त्या मोकळेपणावरच अवलंबून असतात. त्याऐवजी वाळलेली पाने, शेंगा आणि साली यांचा संग्रह मांडून झाड ओळखायला लावावे. पळसाला पाने तीनच ही म्हण सगळ्यांना पाठ असते, ती तीन पाने हातात घेऊन पाहिलेली माणसे फार थोडी असतात. गुलमोहर मादागास्करचा आणि निलगिरी ऑस्ट्रेलियाची, हे सांगितले की मोठी माणसेही थांबतात. रानभाज्यांचा विषय मात्र पावसाळ्यासाठी राखून ठेवा. टाकळा, करटोली, शेवळे समोर नसताना त्यांच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही.

एवढे सांगूनही समितीला भिंत किंवा रॅपलिंग (दोराच्या आधाराने कड्यावरून उतरणे) हवेच असेल, तर ते स्वयंसेवकांच्या भरवशावर करू नये. राज्य शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी झालेल्या संस्थेकडेच ते काम द्यावे, विमा आणि प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे कागदावर मागावीत, आणि आपले लोक तेथे अजिबात अडकवू नयेत.

शनिवारी रात्री एक गोष्ट अवश्य करून पाहा, आणि तिला पैसा लागत नाही. कार्यक्रम संपल्यावर मैदानाचे दिवे वीस मिनिटे बंद ठेवण्याची परवानगी मिळवा. जानेवारीअखेर त्या वेळी मृग नक्षत्र आकाशात चांगले वर आलेले असते. त्यातल्या एका ओळीतील तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला वाढवली, की ती तेजस्वी व्याधाकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला वाढवली, की रोहिणीजवळून कृत्तिकांच्या पुंजक्याकडे जाते. शहराच्या उजेडातही हे एवढे दिसते. दिवे बंद करायला आमच्या ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने फार कुरकूर केली होती, नंतर तोच जमिनीवर आडवा पडून व्याध शोधत होता.

आता पुढच्या रविवारच्या टेकडीवरील फेरीची गोष्ट. प्रत्येक टेबलावर एक वही ठेवावी, तीत नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा, आणि त्याच वेळी हातात तारीख, वेळ व भेटण्याची जागा लिहिलेली चिठ्ठी द्यावी. आदल्या दिवशी स्वतः दूरध्वनी करावा, कारण गटात पाठवलेला निरोप वाचून माणसे अंगठा दाखवतात आणि झोपून राहतात. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सातची वेळ ठेवावी. एका जाणकारामागे पंधराहून अधिक माणसे नसावीत. मार्ग दीड किलोमीटरहून मोठा नको, कारण शेपटी थरथरवणारा थिरथिरा पक्षी दिसला की अर्धा तास तेथेच जातो, आणि जावा. ज्यांनी टबातला राजगड पाहिला त्यांच्या हाती टेकडीच्या नकाशाची प्रत द्यावी आणि आपण आत्ता कोणत्या रेषेवर उभे आहोत ते त्यांना विचारावे.

फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षिगणना असते. तीत किमान पंधरा मिनिटे एका जागी पक्षी मोजून नोंद करायची असते आणि ती गच्चीतूनही करता येते. टेकडीवरून उतरताना त्या गणनेसाठी नावे घ्यावीत. आमच्याकडे पहिल्या वर्षीच्या त्या चौघांतील एक आजी आता दरवर्षी गच्चीवरून बुलबुल मोजून पाठवतात आणि संख्या एकाने जरी चुकली, तरी आम्हाला पुन्हा दूरध्वनी करून दुरुस्त करून घेतात.