ट्रॅक्टरचा डीपीएफ खरंच चोक झालाय का, हे बदलायच्या आधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: २०२३ चा, ५५ एचपीच्या वरचा ट्रॅक्टर. हंगामात ऊस वाहतूक, एरवी रोटाव्हेटर. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, लाइट लागते, ट्रॅक्टर लोडला दम टाकतो. स्कॅनर लावून दोनदा रिजन करून दिलं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून दिली, तरी आठ-दहा दिवसांत लाइट परत. आता सर्व्हिसवाले म्हणतात फिल्टरच बदला, आणि किंमत सांगतात लाखाच्या वर.

आत्ता बदलू नका. दोन्ही वेळा रिजन पूर्ण झालं आणि लाइट गेली, ट्रॅक्टर परत ओढायला लागला, म्हणजे आतली काजळी जळतेय. मग ती इतक्या लवकर परत साचते कशी? याचा शोध न घेता नवा फिल्टर बसवला, तर तोही महिन्याभरात याच अवस्थेत येईल. मी डिझेल इंजिनांचीच कामं करतो आणि ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून ही तक्रार सारखी येते. ट्रेम-४ मध्ये धुराच्या कणांची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.०२५ ग्रॅम इतकी कडक आहे, म्हणून त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना हा फिल्टर आला.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. डीपीएफ म्हणजे बारीक जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा. त्यातली प्रत्येक नळी एका टोकाला बंद असते, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. चांगल्या लोडवर काम असेल तर फिल्टरच्या आधी बसवलेल्या डीओसीच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टच्या) मदतीने ही काजळी चालता चालता हळूहळू जळत राहते. लोड कमी असेल तर तेवढी उष्णता मिळत नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीचं डिझेल मारून फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान नेतो आणि काजळी जाळतो. हेच रिजन. चुलीत लाकूड जळून गेलं तरी राख उरतेच, तशी इथेही राख उरते. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकसारख्या घटकांतून आणि कितीही रिजन केलं तरी ती जळत नाही.

आता मुद्द्याचं. ईसीयूला फिल्टरच्या आतलं काही दिसत नाही. फिल्टरच्या पुढून आणि मागून निघालेल्या दोन नळ्या एका प्रेशर सेन्सरला जातात. त्या दोन्हींमधला फरक आणि इंजिन कसं चाललं याचा हिशोब, एवढ्यावर तो काजळीचा टक्का ठरवतो. म्हणून पहिली तपासणी फिल्टरची नाही, त्या दोन नळ्यांची. क्लिप सोडून रबरी होज बोटांनी वाकवून बघा. उष्णतेने कडक झालेली होज क्लिपच्या अगदी कडेला तडकते आणि वरून बघितलं तर तडा दिसत नाही, वाकवल्यावरच उघडतो. पुढच्या नळीत बऱ्याचदा काजळी आणि पाणी मिळून काळा चिखल झालेला सापडतो. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर आणि होजही बघायला विसरू नका. नळ्या सेन्सरपासून काढून फिल्टरच्या दिशेने हवा मारा. सेन्सरच्या तोंडात हवा मारू नका, तो जागेवर मरतो. दोन्ही नळ्या जिथल्या तिथेच परत लावा. अदलाबदल झाली तर आकडे उलटे येतात.

मग स्कॅनर लावा. चावी ऑन, इंजिन बंद: दोन्ही बाजूंचा फरक शून्य किंवा शून्याला चिकटून हवा. इथेच मोठा आकडा दिसत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम करून आयडलवर थोडासा आकडा यावा, थ्रॉटल वाढवला की चढावा, सोडला की लगेच उतरावा. आकडा आरपीएमबरोबर हलतच नसेल तर नळी बंद आहे. फुल थ्रॉटलवरही शून्यच असेल तर नळी निघालीय किंवा फिल्टर आतून फुटलाय.

सेन्सरवर विश्वास बसत नसेल तर एक पक्की पद्धत आहे. इंजिन थंड असताना फिल्टरच्या आधीचा तापमान सेन्सर काढायचा, त्या भोकात ॲडॅप्टर लावून साधं प्रेशर गेज जोडायचं आणि ट्रॅक्टर फुल आरपीएमवर न्यायचा. गेज आणि स्कॅनर दोघेही जास्त दाखवत असतील तर फिल्टर खरोखर भरलाय. स्कॅनर जास्त आणि गेज कमी, तर खोट सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. आणखी एक जागा लोक बघत नाहीत. डीओसीच्या आधी प्रेशर जास्त आणि डीओसीनंतर एकदम कमी, असं आढळलं तर चोक डीओसीचं तोंड झालंय, डीपीएफ नाही. गेज लावायला बहुतेक मेकॅनिक कंटाळा करतात, पण तुम्ही आग्रह धरा. पैसे तुमचे जाणार आहेत.

सायलेन्सरच्या टोकात पांढरं फडकं फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर आत तडा गेलाय. अशा फिल्टरची सफाई करून उपयोग नाही, तो बदलावाच लागतो.

काजळी की राख, हे रिजनच्या आधी आणि नंतर बघितलं की कळतं. गरम इंजिन, तेच आरपीएम, आधीचा आणि नंतरचा प्रेशर आकडा वहीत लिहून ठेवा. नंतरचा आकडा चांगला खाली आला तर ती काजळी होती. रिजन पूर्ण होऊनही तो वरच अडकून राहिला तर राख भरलीय, आणि राख अशी भरायला सहसा हजारो तास लागतात. यात एक काळजी घ्या: स्कॅनरवरून काजळीचा टक्का शून्य करता येतो. टक्का शून्य केला म्हणजे फिल्टर रिकामा होत नाही, म्हणून टक्का न विचारता प्रेशर विचारा.

तुमच्या बाबतीत मला संशय आहे कारखान्याच्या रांगेचा. गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून तासन् तास उभं राहायचं, वर टेप चालू. आयडलवर एक्झॉस्ट इतका थंड असतो की काजळी फक्त साचते, जळत नाही. नंतर रस्त्यावर रिजन सुरू होतं आणि काट्यावर पोचल्यावर ड्रायव्हर चावी बंद करतो. असं अर्धवट रिजन वारंवार झालं की जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून आजच डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, थेंब बोटांमध्ये पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते ऑइल लगेच बदला. वरचं थोडं काढून टाकून भागणार नाही, बेअरिंगला धोका आहे. ड्रायव्हर रिजन थांबवायचं बटण दाबून ठेवतो का, हेही त्याला शांतपणे विचारा. पुष्कळ ड्रायव्हरांना आरपीएम आपोआप वाढला की काहीतरी बिघडलं असं वाटतं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रांगेत इंजिन बंद ठेवूनही त्रास राहिला तर इंजिनाकडे वळा. एअर फिल्टर, इंटरकूलरच्या होजा (जोडावर तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथून हवा गळतेय), उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), थेंब सोडणारे इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून जाणारं ऑइल. थर्मोस्टॅट तर हमखास राहून जातो. तो उघडा अडकला की इंजिन पुरतं तापत नाही, आणि ठरावीक तापमान आल्याशिवाय ईसीयू रिजन सुरूच करत नाही. टाकीत डिझेल फार कमी असलं तरीही कित्येक ट्रॅक्टर रिजन नाकारतात.

राखच निघाली तरी फिल्टर फेकायचा नाही. भट्टीत तापवून, मागच्या बाजूने हवा मारून साफ करणारे लोक आहेत. आधीचं आणि नंतरचं वजन करून देणाऱ्याकडेच द्या. प्रेशर वॉशर, ॲसिड, पेट्रोल यातलं काहीही आत घालू देऊ नका. आणि कोणी लॅपटॉप घेऊन ‘डीपीएफ काढून प्रोग्रॅम मारून देतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर दिवसभर तुमचा ड्रायव्हरच खातो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. उभ्याने रिजन करताना ट्रॅक्टर मोकळ्या, साफ जमिनीवर घ्या. खाली किंवा शेजारी उसाचं पाचट, गव्हाचं काड, कडबा काही नको, आणि छपरात तर मुळीच नको. सायलेन्सरवर वाळकं पाचट अडकलं असेल तर आधी काढा. बटण दाबूनही रिजन सुरू होत नसेल तर परत परत दाबू नका. काजळी मर्यादेबाहेर गेली की ईसीयू मुद्दाम अडवतो, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर फिल्टरच तडकतो.

ऑइल बदलताना मॅन्युअलमध्ये लिहिलेला कमी राखेचाच ग्रेड घ्या, सीजे-४ किंवा सीके-४ जो असेल तो. फिल्टर वॉरंटीत बसतो का, तेही कागद काढून बघा.

आता तुम्ही एवढं करा: चावी ऑन-इंजिन बंद, गरम आयडल आणि गरम फुल आरपीएम, या तीन वेळचे प्रेशर आकडे, अवर मीटरचं रीडिंग आणि डिपस्टिकवर काय दिसलं ते इथेच लिहा. बघून पुढचं सांगतो.