शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड इंग्लंडमधल्या कालव्यावरच्या बोटीत ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय नाही का?

नाही. पण बोट चुकीची निवडलीत तर होईल.

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅमच्या बाजूला नोकरी मिळतेय, घरभाडं भरण्यापेक्षा नॅरोबोट (कालव्यावरची लांब, अरुंद बोट) घेऊन तिच्यातच राहावं असं मनात आहे, ग्रेहाउंड पाळायची हौस जुनीच आहे आणि घरचे म्हणतायत, "ताशी ४० मैलांनी पळणारं जनावर त्या नळकांड्यात कोंडणार का?" घरच्यांची शंका रास्त आहे, फक्त ती चुकीच्या गोष्टीवर आहे. जागेची काळजी सोडा. पायऱ्या, थंडी आणि काठ, या तिन्हींची करा.

मी आणि नवरा सहा वर्षं ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी बोटीत राहतोय. सोबत दोन ग्रेहाउंड, नीरा आणि माण्या. नावं आमच्याकडच्या नद्यांची. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथली माण नदी बरंचसं वर्ष कोरडी असते आणि आमचा माण्याही पाण्यापासून तितकाच लांब राहतो. वडिलांच्या मळ्यावर कारवानी कुत्री असायची (मुधोळ म्हटलं की पटकन कळेल, त्यातलीच जात), त्यामुळे उंच पायांची, खोल छातीची, नाकापेक्षा डोळ्यावर चालणारी कुत्री मला नवीन नव्हती. नवीन होतं ते त्यांचं झोपणं.

शर्यतीचा ग्रेहाउंड आयुष्यात पळतो किती, याचा हिशेब एकदा करून बघा. इथली नेहमीची शर्यत ४८० मीटरच्या आसपास. अर्ध्या मिनिटात खेळ खलास. उरलेला बहुतेक वेळ केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठडीत, लोळणं. वेगासाठी घडवलेलं हे जनावर दमासाठी घडवलेलं नाही. आमची दोघं दिवसातले सोळा-सतरा तास झोपतात, तेही पाठीवर, चारही पाय वर करून, मान सोफ्याखाली लोंबत ठेवून. पहिल्या आठवड्यात नवरा दर तासाला त्यांचा श्वास चालू आहे का ते बघायचा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास काठाने चालणं, आणि आठवड्यातून दोनदा तासाच्या भाड्याने मिळणारं उंच कुंपणाचं कुत्र्यांचं मैदान. तिथेही दोन मिनिटं वेड्यासारखी पळतात आणि मग फाटकापाशी येऊन "चला घरी" म्हणून उभी राहतात.

आता बोट. आपल्याकडे कालवा म्हटलं की उजवा-डावा कालवा, पाटकरी आणि आवर्तनाची भांडणं आठवतात. इथले कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले. अठराव्या शतकात कालवे बांधणारे इंजिनिअर जेम्स ब्रिंडली यांनी लॉकची (बोट वर-खाली करायला पाणी भरायचा-सोडायचा दारांचा हौद) रुंदी ७ फुटांच्या आसपास ठेवली, म्हणून आजही नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते. आतून भिंती, फोम वगैरे वजा जाता जेमतेम सहा फूट. त्यात बाथरूमशेजारून जाणारी गल्ली दोन फुटांची. नाकापासून बुडापर्यंत साडेतीन फूट भरणारं कुत्रं त्या गल्लीत वळत नाही. त्याला उलटं यावं लागतं. माण्याला हे शिकवायला तीन आठवडे लागले. एसटी स्टँडवर कंडक्टर गाडीमागे उभा राहून करतो तसं मी शेपटीकडे उभी राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स" करायचे. अजूनही "बस्स" ऐकलं की तो जिथे असेल तिथे थांबतो.

गल्लीचा दुसरा घोटाळा कोणी सांगत नाही, तो म्हणजे शेपटी. ग्रेहाउंडची शेपटी लांब, हाडकुळी, वर कातडी पातळ. आनंद झाला की ती दोन्ही भिंतींवर आळीपाळीने आपटते आणि टोक फुटतं. एकदा मी चार दिवसांनी भारतातून परतले. नीराला इतका आनंद झाला की पाच मिनिटांत गल्लीच्या दोन्ही भिंती, छत, नवऱ्याचा पांढरा शर्ट, सगळीकडे रक्ताचे शिंतोडे. बघणाऱ्याला वाटावं इथे खून झालाय. बँडेज ती झटकून टाकायची. शेवटी गरम पाण्याच्या पाइपवर चढवतात त्या फोमच्या नळीचा तुकडा कापून शेपटीवर बसवला आणि चिकटपट्टीने वर केसांपर्यंत घेतला. तीन आठवडे ती तशीच मिरवली. तेव्हापासून बाहेरून आलो की आधी गप्प बसायचं, तिला सोफ्याच्या मोकळ्या जागेत बोलवायचं, मगच लाड.

पायऱ्यांचं सांगते, कारण बोट घेताना लोक इंजिन बघतात, पत्र्याची जाडी बघतात, सोलर बघतात, आणि पायऱ्या बघतच नाहीत. बहुतेक नॅरोबोटींच्या मागच्या दाराशी तीन-चार पायऱ्या असतात, पण त्या जिना कमी आणि शिडी जास्त. केनेलमध्ये वाढलेल्या कुत्र्याने आयुष्यात एक पायरी पाहिलेली नसते. (काच, आरसा, कुकरची शिट्टी, यातलंही काही पाहिलेलं नसतं. आमच्या कुकरच्या पहिल्या शिट्टीला माण्या बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला.) वर चढणं एकवेळ जमतं. उतरताना पुढचे लांब पाय, मागचं सगळं वजन आणि समोर खोल खड्डा, त्यामुळे ती थिजतात. आम्ही पहिले दोन महिने २८ किलोची नीरा आणि ३४ किलोचा माण्या ज्वारीच्या पोत्यासारखे उचलून आत-बाहेर केले. नवऱ्याची पाठ गेली ती अजून पूर्ण आलेली नाही. मग पुढच्या दाराचा वापर सुरू केला. तिथे दोनच बुटक्या पायऱ्या होत्या. त्यांच्यावर प्लायची फळी टाकून तिच्यावर जुनं कार्पेट ठोकलं. काठावर उतरायला दुसरी, तशीच. उकडलेल्या कलेजीचा एकेक तुकडा फळीवर ठेवत गेलो आणि चौथ्या दिवशी दोघं आपणहून उतरले. बोट बघायला जाल तेव्हा मागचा डेक मोकळा-रुंद आहे का आणि पुढून आत जायला किती उतार आहे, हे आधी बघा. कुत्रं म्हातारं झाल्यावर हीच फळी कामाला येते.

थंडी. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. बोट म्हणजे पोलादी डबा. आतून फोम मारलेला असला तरी जळाऊ शेगडी पहाटे विझली की तासाभरात गारठा चढतो. आमच्याकडे कोळशाची शेगडी आहे, रात्री राखेत निखारे झाकून ठेवायची कला मी आजीकडे चुलीवर पाहिली होती, इथे ती उपयोगी पडली. शिवाय दोघांना रात्री लोकरी अंगरखे, आणि वर आईने सोलापूरहून पाठवलेली गोधडी. गोधडी माझ्यासाठी होती. आता तिच्यातून पहाटे चारला एक लांब नाक बाहेर येतं, शेगडीचा अंदाज घेतं आणि परत आत जातं. नाक वर आलं म्हणजे कोळसा घालायची वेळ झाली. शेगडी आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच, एप्रिल २०१९ पासून तो सक्तीचाही आहे. उन्हाळ्यात उलटं. छताचा पत्रा तव्यासारखा तापतो, त्या दिवसांत बोट झाडाखाली बांधता येईल अशीच जागा शोधायची आणि दुपारी कुत्र्यांना आत एकटं सोडायचं नाही.

आणि आता काठ. सगळ्यात गंभीर भाग हा. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असतो, माणूस पडला तर उभा राहतो आणि शरमेने इकडेतिकडे बघतो. ग्रेहाउंडचं तसं नाही. अंगात चरबी नसल्याने तो तरंगत नाही, मागच्या मांड्या जड, त्यामुळे मागचा भाग आधी खाली जातो. आमच्या दुसऱ्याच महिन्यात, नोव्हेंबरात, नीरा बोट आणि काठ यांच्या फटीत पडली. आवाजसुद्धा झाला नाही. मी सुकाणूवर होते. पहिली गोष्ट केली ती म्हणजे गिअर न्यूट्रलला. हे पाठ करा: पाण्यात कोणीही पडलं, माणूस असो की कुत्रं, आधी बोटीचा पाण्यातला पंखा थांबवायचा, मग हात पुढे करायचा. नवऱ्याने काठावर पालथं पडून तिच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवरचं हँडल धरलं आणि तिला ओढून काढलं. त्या दिवशी ते जॅकेट अंगात होतं तो निव्वळ योगायोग होता. तेव्हापासून बोट हलते तेव्हा जॅकेट अंगात असतंच, आणि ते हँडलवालंच हवं.

लॉकमध्ये आमचा एकच नियम: दोन्ही कुत्री आत, दारं बंद. स्टोक ब्रुअर्नला लागोपाठ सात लॉक आहेत, एकेका लॉकमध्ये बोट सात-आठ फूट खाली जाते. एक जण सुकाणूवर, दुसरा झडपा उघडायला वर. मालकीण वर दिसतेय, मध्ये फक्त भिंत आहे, असा हिशेब करून उडी मारणारं कुत्रं त्या भिंतीची ओली शेवाळ विचारात घेत नाही. कुत्रं बाहेर, दोरी रेलिंगला बांधलेली, हेही चालत नाही. पाणी उतरतं, बोट खाली जाते, आणि दोरी तेवढीच राहते. जवळच्याच ब्लिसवर्थच्या बोगद्यातही ती आतच असतात. जवळजवळ तीन किलोमीटरचा अंधार, वरून ठिबकणारं पाणी, अर्ध्या तासाच्या वर प्रवास. तिथे मात्र दोघं शांत झोपतात, घाबरते ती मी.

दोरीशिवाय ग्रेहाउंड काठावर कधीच नाही. बदक, खार, दुसऱ्या बोटीच्या छतावरची मांजर, काहीही हललं की तीन ढांगांत तो पलीकडे, आणि मध्ये सायकलवाला असतो. मानेपेक्षा डोकं अरुंद असल्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की निसटतो, म्हणून रुंद, ताणल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्यायचा. वीणीच्या दिवसांत हंस काठावर घरटं करून बसतात तेव्हा मुसकंही घालतो. मळणीच्या बैलासारखा दिसतो माण्या त्यात, पण तक्रार करत नाही. गळ टाकून बसलेल्या लोकांपासून अंतर ठेवा. एकदा एका सज्जनांचं सँडविच नीराने ते तोंडाकडे नेत असताना मधल्यामध्ये उचललं. गळ गिळला नाही यावर समाधान मानलं.

लेप्टो तुम्हाला मुंबईच्या पावसाळ्यातून माहीत असेलच. उंदरांच्या मुतातून तोच रोग इथल्या कालव्यातही येतो, तेव्हा कुत्र्यांची लेप्टोची लस दरवर्षी चुकवायची नाही. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं, ते प्यायलेलं कुत्रं दगावू शकतं.

राहिला परवान्याचा प्रश्न. स्वतःची बांधायची जागा नसेल तर १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आम्ही पहिलं वर्ष तसं फिरत काढलं. दर पंधरवड्याला नवं गाव म्हणजे नवा डॉक्टर नको, म्हणून कुत्र्यांसाठी एकच 'माहेरचा' डॉक्टर धरून ठेवला आणि वेळ पडली की गाडी करून त्याच्याकडेच गेलो. पुढे कायमची जागा घेतली, त्यातली अर्धी कारणं कुत्री होती: ओळखीची वाट, ओळखीचं मैदान, ओळखीची झाडं. नोकरी एका जागची असेल तर तुम्हीही आधी जागा बघा, मग बोट.

दत्तक देणारे तुम्हाला बागेच्या कुंपणाची उंची विचारतील. एका ठिकाणी आम्ही "बाग नाही, बोट आहे" म्हटल्यावर त्या बाईंनी फॉर्मच मिटला. दुसऱ्या ठिकाणच्या बाई मात्र बोटीवर आल्या, पायऱ्यांवरून स्वतः दोनदा वर-खाली करून पाहिलं, शेगडीभोवतीची जाळी हलवून पाहिली, मग नीराला आत आणलं. नीरा सरळ चालत गेली आणि सोफ्यावर चढून झोपली. तिच्या कानाच्या आत नोंदणीचं हिरवट गोंदण आहे, अगदी माझ्या आजीच्या मनगटावर होतं त्या रंगाचं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

विकत घेण्याआधी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत आठवडाभर भाड्याची बोट घ्या, जूनमध्ये नको. जूनमध्ये सगळ्यांनाच बोटीत राहावंसं वाटतं. एखादी बोट पसंत पडली तर तिच्या पुढच्या दाराचा आणि पायऱ्यांचा फोटो, शेजारी टेप धरून, इथे टाका. फळी किती लांब लागेल ते सांगते.