मुंबईत फ्लॅटसाठी जनरेटर घ्यायचा तर कोणता, किती केव्हीएचा, आणि बाल्कनीत चालेल का?

बाल्कनीत नाही. कुठल्याही कंपनीचा असू दे, कितीही छोटा असू दे, खोक्यावर सायलेंट लिहिलेलं असू दे, बाल्कनीत नाही म्हणजे नाही.

तुम्ही लिहिलंय की सातवा मजला, टू बीएचके, वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशीन) लागतो, सोसायटीचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आहे पण मागच्या वेळी लाईट गेली तेव्हा सुरूच झाला नाही, म्हणून आता स्वतःचा पेट्रोलवाला घ्यायचा विचार आहे. खरं तर प्रश्न पेट्रोलवाल्याचा आहे, पण मला ते मधलं वाक्य लागलं. डीजी होता आणि सुरू झाला नाही. हे वाक्य मी कित्येक सोसायट्यांमधून ऐकलंय, आमच्याही सोसायटीत ऐकलंय, आणि दरवेळी लोक त्यावर उपाय म्हणून अजून एक मशीन विकत घ्यायला निघतात.

मी टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर प्लांटला नोकरी केली, रिटायर होईपर्यंत. एक्स्चेंज म्हणजे ४८ व्होल्टची बॅटरी बँक आणि तिच्या पाठीशी इंजिन अल्टरनेटर, आम्ही त्याला नुसतं ईए म्हणायचो. लाईट गेली तरी लोकांच्या रिसिव्हरमधला डायल टोन जाता कामा नये एवढंच आमचं काम. त्यासाठी ठरलेल्या दिवशी मुद्दाम मेन्स पाडून, म्हणजे बाहेरून येणारी लाईट बंद करून, ईएवर खरा लोड टाकायचो, ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, व्होल्टेज, हर्ट्झ सगळं रजिस्टरला लिहून खाली सही. मी साडी नेसून डिपस्टिक बघितलीय आणि त्याचा मला अभिमान आहे.

आम्ही मुलुंडला राहतो, सात मजली बिल्डिंग, एक लिफ्ट. सोसायटीत डीजी घ्यायचं ठरलं तेव्हा मी हिशोब लिहून दिला होता. लिफ्टची मोटर साडेसात एचपी म्हणजे साडेपाच किलोवॉट, ती पण ड्राईव्हवर (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) त्यामुळे स्टार्टिंगचा धक्का कमी, पाण्याचा पंप पाच एचपी म्हणजे पावणेचार, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे मिळून एखादा किलोवॉट. सगळं एकदम चाललं तरी दहा-अकराच्या आत. २५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे केव्हीएला ०.८ ने गुणून, २० किलोवॉट देतो, अर्ध्या लोडवर मस्त चालेल, फक्त पंपाला सुरू होतानाचा धक्का कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावा आणि लिफ्ट आणि पंप एका क्षणी उठणार नाहीत असं इंटरलॉक करा. आमचे तेव्हाचे चेअरमन, स्वतः व्यापारी माणूस, व्यवहाराला चोख, मी ते नाकारत नाही, पण त्यांनी कागद वाचलाच नाही. म्हणाले मॅडम फोनमधलं वेगळं आणि इंजिनातलं वेगळं, एकदाच खर्च करायचाय तर मोठाच घेऊ, डीलर ६२.५ म्हणतोय. सभेत सगळ्यांना मोठं म्हणजे चांगलं वाटलं आणि ठराव पास झाला. मी विरोध नोंदवायला लावला, तो मिनिट्समध्ये आहे.

आता ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॉट, आणि आमचा लोड सगळा धरून वीस टक्के, लिफ्ट आणि पंप दोन्ही थांबलेले असले तर जेमतेम दोन टक्के. डिझेल इंजिनाला तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी आणि न जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साठत जातं. आणि वर चेअरमननी नियम काढला की वॉचमनने दर रविवारी पाच मिनिटं रिकामा चालवून बंद करायचा, कारण लोड टाकला की मशीन झिजतं आणि लोकांच्या लिफ्टला झटका बसतो. मी ओरडून सांगत होते की रिकामं चालवण्यानेच त्याचं नुकसान होतंय, आणि पाच मिनिटांत बॅटरीतून स्टार्टरने जेवढं ओढलं तेवढं परत भरत पण नाही. शर्यतीचा बैल वर्षभर गोठ्यात बांधून ठेवायचा आणि शर्यतीच्या दिवशी पळ म्हणायचं, तसं चाललं होतं.

मग १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची, ठाण्याची, नवी मुंबईची लाईट एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघ्याच्या ४०० केव्ही लाईनींपासून सुरुवात झाली आणि मुंबईला ग्रिडपासून तोडून वाचवायची जी आयलँडिंगची सोय आहे ती पण टिकली नाही. कोविडचे दिवस, पोरांची शाळा ऑनलाईन, मोठ्यांचं ऑफिस घरात, आणि मुंबईत लाईट जात नाही हा आपला सगळ्यांचा जन्मापासूनचा समज. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या काकांचा सोमवार हा डायलिसिसचा वार. डायलिसिस सेंटरला त्यांचा स्वतःचा जनरेटर चालू होता, तिथून फोन आला की या, पण काकांना पाच जिने उतरवणार कोण, आणि डायलिसिस झाल्यावर गळून गेलेल्या माणसाला पाच जिने चढवणार कोण.

वॉचमनने चावी फिरवली. टक्. परत फिरवली, टक्. चेअरमन फोनवर सर्व्हिसवाल्याला बोलवत होते आणि सर्व्हिसवाला कुठल्यातरी स्टेशनांच्या मध्ये लोकलमध्ये अडकलेला. मी माझा मल्टीमीटर घेऊन खाली गेले. बॅटरी नुसती मोजली तर बारा व्होल्ट, दिसायला ठणठणीत, पण चावी फिरवताना मोजली की सात-आठवर येत होती, म्हणजे मेलेली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर. चार्जरचा पॉइंट बघितला तर बंद, कुणीतरी तिथे ड्रिल मशीन लावलं होतं आणि मग चार्जर परत चालूच केला नव्हता. तळमजल्यावरच्या मुलाचा टेम्पो उभा होता, त्याला म्हटलं बाळा टेम्पो इकडे लाव आणि जंपर केबल आण. टर्मिनल घासून केबल लावली आणि इंजिन लागलं. पण काय लागलं, आधी पांढरा धूर, मग काळा, सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं तेलकट पाणी टपकतंय, फ्रिक्वेन्सी वरखाली होतेय. सगळे म्हणायला लागले बंद करा बंद करा. मी बंद करू दिलं नाही. लिफ्ट तशीच ठेवून आधी दिवे, मग पंप घेतला, टाकी भरेपर्यंत चालवला, इंजिन तापलं, धूर कमी झाला, हर्ट्झ पन्नासला स्थिर झाले, मग लिफ्ट घेतली आणि रिकामी वरखाली करून बघितली. मगच काका उतरले. संध्याकाळी त्याच लिफ्टने वर गेले. काकू रडल्या हे मी इथे लिहितेय कारण त्या दिवशी चेअरमन तिथेच उभे होते.

आणि तरीही पुढच्या सभेत ते म्हणाले दोष बॅटरीचा होता, इंजिन तर उत्तमच होतं, नवीन बॅटरी बसवलीय विषय संपला. विषय संपलेला नाही. बॅटरी मेली हे लोडवर टेस्ट न केल्यामुळे कळलं नाही, आणि तेल टपकत होतं ते रिकामं चालवल्यामुळे, दोन्हीचं कारण एकच. डीजी सुरू न होण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण बॅटरीच असतं, हे या कामातला कुठलाही माणूस सांगेल, म्हणून तर टेस्ट करायची.

तेव्हा तुमच्या कमिटीला पेट्रोल जनरेटरचं कोटेशन दाखवायच्या आधी हे विचारा. शेवटची लोड टेस्ट कधी झाली? महिन्यातून एकदा मेन्स पाडून अर्धा तास तरी खरा लोड, लिफ्ट आणि पंप दोन्ही. चार्जर चालू आहे का, क्रँक करताना, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असताना, बॅटरी किती व्होल्टपर्यंत पडते? डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी कधी काढलं? एएमएफ पॅनल, म्हणजे लाईट गेली की डीजी आपोआप सुरू करणारं पॅनल, ऑटोवर आहे की कुणीतरी मॅन्युअलवर टाकून विसरलंय? रजिस्टर कुठे आहे? सेट आधीच मोठा घेऊन बसले असतील तर टेस्टला सगळा कॉमन लोड एकदम टाका, आणि वर्षातून एकदा लोड बँक (सेटवर मुद्दाम लोड टाकायचं मशीन) भाड्याने आणून चांगला तापवून घ्या, आतली काजळी जळून जाते. नवीन घेणार असाल तर जुलै २०२३ पासून सीपीसीबी फोर प्लसचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराबद्दलचे, कडक नियम आलेत, सेट महागलेत, म्हणून तर उगाच मोठा घेऊ नका. आणि जमिनीवर ठेवू नका, चांगला उंच ओटा बांधा, २६ जुलै २००५ ला ज्यांच्या पंपरूम आणि मीटररूम पाण्यात गेल्या त्यांना विचारा.

आता वडिलांचं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॉट घेतो, एक बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा तीस, दिवा आणि राउटर धरून चारशेच्या आसपास. १५० एएचच्या एका बॅटरीवर हे तीन तास जेमतेम, दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर पाच-सहा तास. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचाच (लाईटसारखीच गुळगुळीत वीज देणारा) घ्या, आत कॉम्प्रेसरची मोटर आहे. आणि बॅटरी, इन्व्हर्टर, जनरेटर सगळं फेल गेलं तरी चालणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजनचा भरलेला बी टाईप सिलिंडर रेग्युलेटरसकट घरात ठेवणं, त्यात दीड हजार लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. फ्लो किती ठेवायचा ते डॉक्टर सांगतील, मी नाही. सिलिंडर बांधून उभा ठेवा, देवघरापासून आणि गॅसपासून लांब.

बाल्कनीला नाही का म्हटलं ते पण सांगते. पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड, त्याला रंग नाही वास नाही, तो तुमच्याच खिडकीतून आत येतो किंवा वरच्या घरात जातो, आणि तुमच्या घरात आधीच ऑक्सिजनवर असलेला माणूस झोपलाय. सोबत पेट्रोलचा कॅन, आणि त्याच घरात ऑक्सिजन. आणि दोन्ही टोकांना टॉप (प्लग) लावलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात काही वायरमन, तो माणूस दारात उभा करू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि लाईन बंद आहे समजून काम करणाऱ्या लाईनमनला लागते. चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे एका वेळी लाईट किंवा जनरेटर यातलं एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, कुठलाही जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा नाही.

हां, बदलापूर-कर्जतकडे स्वतःचं घर असेल, मोकळं अंगण असेल, तर पेट्रोलचा २ केव्हीएवाला जरूर घ्या, घरापासून लांब उघड्यावर, पावसाचं पाणी पडणार नाही असा ठेवून, आणि वापर झाला की कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं की पाणी धरतं आणि ऐन वेळी दोरी ओढून हात दुखतात. आणि तुमची बिल्डिंग उंच टॉवर असेल, फायर पंप आणि फायर लिफ्ट डीजीवर असतील, तर माझा २५ चा हिशोब तिथे लावू नका, एकटा फायर पंपच आमच्या सगळ्या लोडपेक्षा मोठा असतो, तिथे ६२.५ काय त्याहून मोठाही लागू शकतो. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून मी भांडले आणि अजून भांडतेय.

कॉन्सन्ट्रेटरच्या मागच्या पट्टीवरचे वॉट आणि तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचा, पंपाचा एचपी कमेंटमध्ये लिहा, मी हिशोब मांडून देते, तो कागद तसाच कमिटीला द्या आणि त्यांनी वाचला की नाही ते मिनिट्समध्ये लिहायला लावा.