पोट सुटलंय, पण तेल मोजलंय का?

आहार आणि व्यायाम : प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमच्या आहारतज्ज्ञांची आणि फिजिओथेरपिस्टची

या वेळी पोटाबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : वय 42, उंची 168 सेंमी, वजन 81 किलो, पोटाचा घेर 101 सेंमी. दुकानात दिवसभर गादीवर बसून असतो. पाच महिन्यांपासून सकाळी फुटाळा तलावावर 45 मिनिटं चालतो आणि घरी येऊन शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलणं) मारतो. सुरुवातीला तीन किलो उतरले, आता काटा हलूनच नाही राहिला. क्रंचेस दोनशे करू का? (इतवारी)

उत्तर : नका करू. शंभरही बंद केले तरी काही बिघडणार नाही. क्रंचेसनं पोटाचा स्नायू मजबूत होतो, पण त्याच्यावर बसलेली चरबी त्या स्नायूच्या मालकीची नसते. खर्चाला ऊर्जा कमी पडली की शरीर अंगभर साठलेल्या चरबीतून थोडी थोडी उचलतं. कुठली आधी उचलायची हे अनुवंशिकता, हार्मोन्स आणि वय ठरवतात. त्यात आपल्याला विचारलं जात नाही.

पोटाची चरबी दोन ठिकाणी असते. एक आत, लिव्हर आणि आतड्यांभोवती. दुसरी कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीनं आतली जास्त वाईट, पण खाणं आवरलं आणि हालचाल वाढवली की आधी तीच उतरते. चिमटीतली, त्यातही बेंबीखालची, सगळ्यात शेवटी. त्यामुळे आरशात काही दिसायच्या आधी टेपवर फरक दिसतो. टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर धरू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी. संध्याकाळी मोजलं तर गॅस आणि जेवणामुळे दोन-तीन सेंटीमीटर उगाच जास्त भरतात. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंमी आणि स्त्रियांसाठी 80 सेंमी ही धोक्याची रेषा धरतात.

आता काटा का अडला ते बघू. तुमच्या वजनाला 45 मिनिटं चालून जे जास्तीचं खर्च होतं ते फार तर 150 ते 200 कॅलरी. फुटाळ्याहून परतताना तर्री पोहे (वरून चण्याचा तेलकट, झणझणीत रस्सा म्हणजे तर्री घातलेले) होत असतील, तर हा हिशेब करा. एका प्लेटला कच्चे पोहे 60 ग्रॅम धरले तर 210 कॅलरी. फोडणीचं आणि तर्रीवर तरंगणारं मिळून तेल दोन मोठे चमचे, म्हणजे 240. चणे आणि शेव वेगळे. पोहे सोडा असं आम्ही म्हणणार नाही, नागपुरात ते कोणी ऐकणारही नाही. पण तर्री न घेता झाऱ्यानं नुसते चणे घालून मागा, शेव नको म्हणा, आणि आठवड्यातून एक-दोनदाच खा.

दुसरं कारण असं, की हलकं शरीर चालवायला ऊर्जाही कमी लागते. पहिल्या दोन महिन्यांत जी तूट पडत होती ती आता उरलेली नाही. शिवाय सकाळी व्यायाम झाला की माणूस दिवसभर जास्तच निवांत बसतो आणि ताटातला घासही नकळत मोठा होतो. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. रोज 400 ते 500 ची तूट पडली तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो उतरतो, प्रत्यक्षात थोडं कमीच. किलोमागे कमरेचा साधारण एक सेंटीमीटर कमी होतो. म्हणजे 101 वरून 90 ला यायला सहा-सात महिने धरा. महिन्याभरात करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. वजन फार झपाट्यानं उतरलं तर स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

चालणं सोडू नका, पण वेग वाढवा. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका. गादीवरून दर तासाला उठून पाच मिनिटं उभ्यानं काम करा. क्रंचेसचा वेळ ताकदीच्या व्यायामाला द्या, तो खाली उन्हाळ्याच्या उत्तरात दिला आहे. ताटाचं उत्तर पुढच्या पत्रात आहे, ते घरात वाचून दाखवा.

प्रश्न : वय 48, उंची 157, वजन 68. पाळी बंद होत आली तसं पोट अचानक वाढलं. घरात चौघांचा स्वयंपाक एकच होतो, माझ्यासाठी वेगळं कोण करणार? पोळी सोडून ज्वारीची भाकर सुरू केली आणि सोमवारचा उपास धरते. तरी काही फरक नाही. (मानेवाडा)

उत्तर : वेगळं काही करू नका, तेलाचा डबा बघा. पाळी थांबताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि पूर्वी मांड्या-नितंबांवर जाणारी चरबी पोटाकडे वळते, हे खरं. पण पोटाकडे वळायला ती मुळात साठावी लागते.

चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणलं तर माणशी 23 ग्रॅमच्या आत येतं आणि प्रत्येकाच्या पोटात रोज 130 च्या वर कॅलरी कमी जातात, कोणाचं ताट न बदलता. त्यासाठी रोज सकाळी मापानं 100 मिली तेल एका वाटीत काढा. दिवसभराची भाजी, वरणाची फोडणी, पोळीला लावायचं, सगळं त्यातूनच. वाटी दुपारीच रिकामी झाली तर गळती कुठे आहे ते लगेच कळेल. बहुतेक घरांत ती तीन जागी सापडते. कॅनमधून थेट कढईत ओतणं, झुणका-भाकरीवर किंवा गोळाभातावर (बेसनाच्या गोळ्यांचा भात) घेतलेलं वरचं तेल, आणि वांगी. वांगं स्पंजसारखं तेल पितं. फोडी आधी पाच मिनिटं वाफवून घेतल्या तर तेल निम्म्यावर येतं. तळण झाल्यावर उरलेलं तेलही दुसऱ्या दिवशीच्या वाटीतच मोजायचं, ते फुकटचं नसतं.

भाकरीबद्दल. ज्वारी चांगलीच, तंतुमय पदार्थ जास्त, पोट भरल्यासारखं वाटतं. पण वजनाला वजन धरलं तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. एका हातभाकरीला 65-70 ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला 25. दोन भाकरी म्हणजे साडेपाच फुलके. तुम्ही पोळ्या जितक्या खात होतात तितक्याच भाकरी खात असाल, तर खाणं वाढलं आहे. एका जेवणाला एक भाकर पुरे. भात हवाच असेल तर भाकर अर्धी करून शिजलेली एक वाटी.

सोमवारी फराळाला काय घेता ते तुम्ही लिहिलं नाही. साबुदाण्याची खिचडी असेल तर साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप मिळून एका बशीत साडेपाचशे कॅलरी सहज जातात, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. भगर आणि दही घ्या.

खरी कमतरता प्रथिनांची आहे. तुमच्या उंचीला दिवसाला 65 ते 70 ग्रॅम हवीत. पातळ वरण आणि भात यावर ती निम्मीही भरत नाहीत, मग चार वाजता भूक लागते आणि चिवड्याचा डबा उघडतो. हिशेब असा जुळवा. पाच फुलक्यांतून किंवा दोन भाकरींतून साधारण 14-15 ग्रॅम. घट्ट वरण दोन वाट्या (60 ग्रॅम कच्ची डाळ) 13. दही 200 ग्रॅम आणि दूध एक कप मिळून 12-13. मोड आलेली मटकी किंवा चणे (कच्चे 30 ग्रॅम) 7. ही बेरीज 46 ते 48 होते. अजून वीसेक लागतात, ते 30 ग्रॅम सोयावडीतून 15 आणि 25 ग्रॅम पनीरमधून 4-5 मिळतात. अंडी चालत असतील तर एकात 6. सोयावडी नको असेल त्या दिवशी 40 ग्रॅम बेसनाचं पातळ पिठलं करा, 8 ग्रॅम मिळतील. त्याला एक छोटा चमचा तेल आणि वरून भरपूर सांभार (कोथिंबीर) पुरतो. शेंगदाण्यांत प्रथिनं असतात खरी, पण 100 ग्रॅमला 560 च्या वर कॅलरीही असतात, म्हणून मूठभरच. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जाता जाता चहाचंही बघा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे 160 कॅलरी.

प्रश्न : सिझेरियन होऊन पाच महिने झाले. पोट पुढे लोंबतं. सासूबाई पट्टा बांधायला सांगतात, जिममध्ये सिटअप्स सांगतात. बाळ अंगावर पितं. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आधी एक तपासणी घरीच करा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटांची टोकं बेंबीच्या वर आडवी ठेवून हलके दाबा आणि डोकं-खांदे थोडेसे उचला. दोन उभ्या स्नायूंच्या मध्ये दोन बोटं किंवा जास्त रुतत असतील, किंवा मधोमध फुगवटा उठत असेल, तर गरोदरपणात ताणले गेलेले स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. बेंबीच्या तीन-चार सेंटीमीटर वर आणि खालीही बघा. अशा वेळी सिटअप्स आणि दोन्ही पाय एकदम उचलणं टाळा, फट तशीच राहते किंवा वाढते.

डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलं असेल तर इथून सुरुवात करा. श्वास सोडताना पोट हळूच आत घ्या, दहा वेळा. मग त्याच स्थितीत एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करा आणि परत आणा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. मग पाठीवर झोपूनच कंबर उचलणं. मधला फुगवटा दिसला की तो व्यायाम सध्या जड आहे, एक पायरी मागे या. अंथरुणातून सरळ उठू नका, कुशीवर वळून हातांच्या आधारानं उठा. सहा आठवड्यांत फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. टाक्यांच्या जागी दुखणं किंवा लघवी निसटणं असेल तर आधीच जा.

पट्ट्यानं आधार मिळतो, पोट आत जात नाही. सासूबाईंचं मन राखायला थोडा वेळ बांधला तर हरकत नाही. अंगावर पाजताना उपाशी राहून वजन उतरवायचं नाही, पण डिंकाचे लाडू दिवसाला तीनऐवजी एक पुरे. एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात.

प्रश्न : मे महिन्यात चालणं बंद पडतं. तेव्हा काय करावं? (हिंगणा रोड)

उत्तर : 44-45 अंशांत हट्ट नकोच. साडेपाचला उजाडतं, साडेसहापर्यंत घरी परत या. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलंच असतं. आठवड्यातून तीन दिवस घरातच हा पाठ करा, पंचवीस मिनिटांत होतो.

खुर्चीवरून हात न लावता उठबस, 12 वेळा. ओट्याला हात टेकून दंड, 10 वेळा. पाठीवर झोपून कंबर उचलणं, 15 वेळा. तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरा, म्हणजे पाच किलो वजन झालं. एक हात खुर्चीवर टेकून वाका आणि कॅन बरगडीपर्यंत ओढा, प्रत्येक हातानं 10 वेळा. शेवटी कोपरांवर प्लँक (पालथं होऊन कोपर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ उचलून धरणं), 20 सेकंद. मध्ये एक मिनिट थांबत हे सगळं तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा सहज जमू लागल्या की आकडा दोनानं वाढवा. तो वाढला नाही तर काही काळानं ताकद वाढायची थांबते, आणि लोक नेमके इथेच कंटाळतात.

उठबशीत गुडघे आत झुकू देऊ नका. प्लँकमध्ये कंबर खाली लोंबली की पोटाऐवजी कमरेवर ताण येतो, मग दुसऱ्या दिवशी कंबर धरते. श्वास कोंडू नका, बीपी असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

प्रश्न : घाम काढणारा पोटाचा पट्टा आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, यांनी चरबी वितळते का? (अनेक पत्रं)

उत्तर : नाही. पट्ट्यानं घाम जातो, दोन ग्लास पाणी प्यालात की वजन परत येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बांधून चालणं धोक्याचंही आहे. कोमट पाणी खुशाल प्या, चमचाभर मधाच्या वीसेक कॅलरी मात्र धरा.

प्रश्न : सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवायचं, हे करू का? मधुमेहाची गोळी चालू आहे. (जरीपटका)

उत्तर : गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते. बाकीच्यांनाही यात जादू नाही. खाण्याचे तास कमी झाल्यानं एकूण खाणं कमी झालं तरच उपयोग.

प्रश्न : रविवारी मित्रांबरोबर सावजी (नागपुरी झणझणीत मटण) आणि दोन पेग होतातच. (धरमपेठ)

उत्तर : 60 मिलीच्या दोन पेगांच्या 280 कॅलरी, चखणा वेगळा. दारू पोटात असेपर्यंत शरीर आधी तीच जाळतं, चरबीचा नंबर मागे पडतो. एकच पेग घ्या, चखण्याला दाण्यांऐवजी काकडी. सावजीत मटणाचे तुकडे खा, तेलाची तर्री भाकरीनं पुसून घेऊ नका.

प्रश्न : वडिलांचे हातपाय बारीक होत चालले आहेत, पोट मात्र दोन महिन्यांत घट्ट फुगलं आहे. चालायला सांगू का? (कामठी रोड)

उत्तर : चालायला सांगू नका, याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा. ही चरबी नसून पोटात पाणी साठल्याची लक्षणं असू शकतात. पायाला सूज, डोळ्यांत पिवळेपणा, काळी शौच, ताप किंवा दम लागणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी न्या. पोटाची सोनोग्राफी आणि लिव्हर, किडनीच्या रक्ततपासण्या होईपर्यंत स्वतःहून डाएट किंवा काढे सुरू करू नका. बाईमाणसाचं पोट असंच काही आठवड्यांत वाढत असेल आणि दोन घासांतच पोट भरत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडूनही तपासून घ्या.