वाचकांचे प्रश्न : नेच्याचे बीजाणू

प्रश्न : कुंडीतल्या नेच्याच्या (फर्नच्या) पानामागची तपकिरी पूड पाण्याच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या ४०च्या भिंगाखाली पाहिली. जाड काळ्या कडांची वर्तुळं दिसली. बीजाणू म्हणायचे ते हेच का? (सातारा)

उत्तर : नाही, ते हवेचे बुडबुडे. बीजाणूंना पाणी चटकन धरत नाही. ते गोळा होऊन तरंगतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. म्हणून आधी स्पिरिट वापरा. सुईच्या टोकावर मावेल एवढीच पूड काचपट्टीवर घ्या, त्यावर सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब टाका. थेंब उडून जात आला, पण पूड अजून ओलसर आहे, अशा वेळी ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून त्याचा छोटा थेंब सोडा. कव्हरस्लिप (वरची पातळ काच) एका कडेवर टेकवून हळूहळू खाली आणा. थेंब मोठा झाला तर कव्हरस्लिप वर उचलली जाते आणि ४०चं भिंग तिला घासतं. जास्तीचा द्रव टिपकागदाने कडेने शोषून घ्या.

आधी १०च्या भिंगाने शोधा, मग ४०. १००च्या तेलाच्या भिंगाची इथे गरज नाही. कंडेन्सरची (काचपट्टीखालून उजेड एकवटणाऱ्या भिंगाची) झडप थोडी मिटली की पृष्ठभागावरच्या रेषा उठून दिसतात. हंसराज आणि जुन्या भिंतींच्या चुन्यात उगवणारा टेरिस यांचे बीजाणू तिकोनी, त्यांवर तीन फाट्यांची खूण. नेफ्रोलेपिस या नेच्याचे घेवड्याच्या दाण्यासारखे, सपाट बाजूवर एकच सरळ रेघ. खूण दिसत नसेल तर बीजाणू पालथा पडला आहे. कव्हरस्लिपवर सुईने हलकेच टिचकी मारली की तो लोळतो.

मापासाठी आयपीसवरचा, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावरचा आकडा पाहा. १०×/१८ असेल तर (१८ म्हणजे दृश्य वर्तुळाचा मिमीतला आकडा) ४०च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ १८ ÷ ४० = ०.४५ मिमी, म्हणजे ४५० मायक्रॉन. त्या व्यासावर साधारण ११ बीजाणू ओळीने मावतील असं वाटलं, तर एक सुमारे ४० मायक्रॉनचा.

कुंडीतला नेचा बॉस्टन जातीचा असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. त्याचे बीजाणू बहुधा सुरकुतलेले, पोकळ असतात. भिंतीवरचा टेरिस बरा.

प्रश्न : पान कागदात ठेवून वाळवलं, पण पुडीत फुटकी टरफलंच जास्त निघाली. (चिपळूण)

उत्तर : पान उशिरा तोडलं. पानामागचे बीजाणुधान्यांचे (बीजाणूंच्या पिशव्यांचे) पांढुरके-हिरवे पुंज कच्चे, गडद तपकिरी व फुगीर ते योग्य, फिकट आणि विस्कटलेले ते रिकामे. योग्य पान पालथं, गुळगुळीत कागदावर एक-दोन दिवस ठेवा, पंख्याखाली नको. नंतर कागद किंचित तिरपा करून बोटाने ठोका : टरफलं पुढे घसरतात, बारीक पूड मागे चिकटून राहते. तीच घ्या.

टरफलं, म्हणजे फुटलेल्या बीजाणुधान्या, मात्र फेकू नका, बघण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. ताज्या बीजाणुधानीच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींचं वलय असतं. त्यांतलं पाणी उडू लागलं की पातळ बाहेरच्या भिंती आत ओढल्या जातात, वलय मागे वाकतं आणि धानी फाटते. ताण सोसेनासा झाला की पेशींत बाष्पाचा बुडबुडा होतो, वलय फटकन मिटतं आणि बीजाणू भिरकावले जातात. हे पाहायला कव्हरस्लिप न लावता ४ किंवा १०चं भिंग आणि वरून टेबल-दिव्याचा उजेड पुरे. घाई असेल तर ग्लिसरीनचा थेंब टाका. तेही पेशींतलं पाणी ओढून घेतं. न फुटलेली एकच धानी सुईने दाबून फोडली तर बीजाणू मोजता येतात : बहुतेक नेच्यांत ६४, फलनाशिवाय वाढणाऱ्या जातींत बहुधा ३२.

प्रश्न : घाटातल्या रुपेरी नेच्याची पांढरी पूड म्हणजे बीजाणू का? (सावंतवाडी)

उत्तर : नाही. हातावर पान दाबलं की छाप उमटवणारी ती पूड पानावरच्या ग्रंथिल केसांतून पाझरते. स्पिरिटात ती बरीचशी विरघळते. शिरांलगतच्या काळपट रेषा खरवडा, बीजाणू तिथे आहेत.