आवाज उंच, कपडे भडक: अशा पॉप गायकाचं करिअर टिकतं का? (सोलापुरात ऑर्केस्ट्रात गातो)

टिकतं, पण एकाच गाण्याच्या जोरावर नाही.

ब्रिटिश पॉप गायक मिकाचंच बघा. 2007 मध्ये त्याचं 'ग्रेस केली' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नंतर तिथली हवा ओसरली, तर गडी इटली-फ्रान्समध्ये टीव्हीवर परीक्षक झाला आणि 2022 मध्ये तुरिनला युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेचं सूत्रसंचालनही केलं. माझ्या मते खरी हुशारी ती. असाच उंच आवाजाचा ब्रिटिश गायक जिमी सॉमरव्हिल. त्यानं 1984 ला ब्रॉन्स्की बीट या बँडमधून नाव काढलं, वर्षभरात बाहेर पडला आणि 1986 ला कम्युनार्ड्स या नव्या बँडबरोबर ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. अमेरिकन गायक सिल्व्हेस्टर 1988 मध्येच वारला, पण त्याची डिस्को गाणी अजून वाजतात.

आपल्याकडं बालगंधर्वांना शालू नेसून गाताना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यामुळं गड्ड्याच्या जत्रेत कुणी हसलं तर मनावर घेऊ नका. (हसणारेच पुढं मोबाइलवर शूट करतात.)

गळा मात्र जपा. फॉल्सेटोत (नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ सुरात) स्वरतंतूंच्या कडाच प्रामुख्यानं कंपतात. तिथं जोर लावून ओरडलं की आवाज बसतो. रोज थोडा रियाज करा, खालची पट्टीही तयार ठेवा, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.