आजोबांची एमजी विकायचीय, पण आकडा जुळत नाही

प्रश्न: नमस्कार सर. आमच्याकडे आजोबांची १९५२ची एमजी टीडी (इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स कार) आहे, टू सीटर, उघडी, मुंबईचा जुना बीएमवाला नंबर. आजोबांनी ती कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून सेकंडहँड घेतली. आजोबा गेल्यावर गाडी बरीच वर्षं वाड्यामागच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या संगतीत पडून होती. मग बाबांनी आणि मी पुण्याच्या एका गॅरेजला देऊन ती पूर्ण उभी केली, टोटल खर्च २३ लाख (आईला अजून १५च सांगितलाय, प्लीज नाव छापू नका). आता विकायला काढलीय तर जो येतो तो दोन चकरा मारतो, बोनेट उघडून बघतो, कागद मागतो आणि आमच्या आकड्याच्या निम्म्यावर अडून बसतो. एवढी दुर्मिळ गाडी, एवढा खर्च, तरी भाव का येत नाही? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी कडू गोळी घ्या. २३ लाख हा तुमचा खर्च झाला, गाडीचा भाव नाही. रिस्टोरेशनच्या बिलाचा आणि किमतीचा संबंध तेवढाच, जेवढा लग्नाच्या खर्चाचा आणि संसाराचा. आणि टीडी दुर्मिळ वगैरे नाही हो. एमजीच्या इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात २९,६६४ टीडी बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि तिचे पार्ट आजही इंग्लंडहून नवेकोरे मागवता येतात. त्यामुळे कलेक्टरला, म्हणजे जुन्या गाड्या जमवणाऱ्याला, टीडी मिळेल की नाही याची चिंताच नसते, त्याला एवढंच कळायला हवं असतं की मी हीच का घेऊ.

आणि ते कारण तुमच्याकडे आहे, पण पत्रात तुम्ही ते दीड वाक्यात उरकलंत. मुंबई पासिंग, उजव्या हाताचं स्टिअरिंग, साहेबानंतर एकच घर, जुना नंबर अजून अंगावर. हे पैसे टाकून आणता येत नाही, पेंट आणता येतो. पण मग ते कागदावर दिसायला पाहिजे ना. जुनं आरसी बुक, साहेबाकडून घेतल्याची चिठ्ठी असेल तर ती, जुन्या इन्शुरन्सच्या पावत्या, आजोबांचा गाडीसोबतचा एखादा ब्लॅक अँड व्हाइट फोटो ज्यात नंबर वाचता येतो, आणि गाडी खोलली तेव्हापासून रंग लागेपर्यंतचे मोबाइलमधले सगळे फोटो तारखेनुसार लावून, हे सगळं एका फाइलमध्ये घाला. बिलंही घाला, पण खर्च दाखवायला नाही तर काय काम झालं ते दाखवायला. माझं मत विचाराल तर ही फाइल म्हणजे अर्धी गाडी.

आता बोनेट उघडून गिऱ्हाईक काय बघतं ते सांगतो. टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मोठं विक्षिप्त आहे, बोल्टचे आटे मेट्रिक, तेही नेहमीपेक्षा बारीक, आणि डोकी मात्र व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची) मापाची. म्हणजे आपल्या गॅरेजातला १३चा पाना त्यावर धड बसत नाही. आता ज्या इंजिनवर १३चा पाना सगळीकडे सटासट बसतो तिथे जाणकार माणूस समजतो की इथे हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट मारलेत, कदाचित जबरदस्तीने आवळून ब्लॉकमधले आटेही घालवलेत, आणि एकदा का बोल्टवर संशय आला की मग तो रंगावर, वायरिंगवर, तुमच्या सांगण्यावर, सगळ्यावरच येतो. तसंच दाराचं. टीडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात आणि पत्र्याच्या आत लाकडाची फ्रेम असते, मूळची अ‍ॅश लाकडाची. तो दार उघडून हळूच वर उचलून बघतो. लाकूड कुजलेलं असलं आणि वरून नुसता पत्रा चकाचक केलेला असला तर दार लगेच कबूल करतं. पत्र्यावर लांबी (पुट्टी) किती भरलीय ते बघायला काही जण खिशात चुंबक घेऊन येतात, राग मानू नका, त्यांचे पैसे जाणार असतात. तुमच्या गॅरेजवाल्याने अ‍ॅशऐवजी सागवान घातलं असेल तर तेही आधीच सांगून टाका. काय मूळचं आहे, काय बदललंय, का बदललंय, असा एक साधा कागद लिहून फाइलच्या वर ठेवा. सांगितलेला दोष घासाघीस करून मिटतो, सापडलेला दोष सौदा मोडतो.

काढलेले जुने पार्ट भंगारात घातलेत का? नसतील तर जपा. फाटकं सीट कव्हर, जुनं मीटर, गंजका कार्ब्युरेटर, सगळं खोक्यात भरून गाडीबरोबर द्यायचं. चकचकीतपणापेक्षा मूळपण मोठं मानणारे लोक वाढलेत. २०१५ मध्ये पॅरिसला आर्टक्युरिअलच्या लिलावात बायों कलेक्शनमधली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली, रिस्टोअर न करता जशीच्या तशी मांडली होती, ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. आपली एमजी म्हणजे ती फेरारी नव्हे, पण गिऱ्हाइकाचं डोकं त्याच दिशेने चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलंच नाहीत. आरसी कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच नावावर असेल तर आज तुम्हाला गाडी विकताच येणार नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या, बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते, म्हणजे आत्यांच्या सह्या (आत्यांना २३ लाखांचा आकडा सांगायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा). इतकं जुनं रेकॉर्ड आरटीओच्या वाहन सिस्टिममध्ये नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद सिस्टिममध्ये चढवणं) करून घ्यावी लागते. मग विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरनअक्षर जुळतोय का ते गिऱ्हाईक येण्याआधी बघा, जुन्या कारकुनी अक्षरात ३चा ८ झालेला असू शकतो.

जुना नंबर सोडू नका. २०२१च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीचं नवं रजिस्ट्रेशन केलं तर व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स एवढ्यापुरतीच. पण आधीपासून रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि कलेक्टरला तोच हवा असतो.

विकायची कुठे? सरसकट जाहिरात टाकलीत की फोटो काढायला येणारेच जास्त येतील. त्यापेक्षा मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबसारख्या क्लबांच्या रॅलीला गाडी घेऊन जा, चालवत न्या, ट्रेलरवर नको, चार जाणकार बघतील, त्यातलाच एखादा घेईल नाहीतर घेणाऱ्याला पाठवेल. अनोळखी माणसाला टेस्ट ड्राइव्हला किल्ली द्यायची नाही, तुम्ही चालवा, त्याला शेजारी बसवा. आणि रोखीचं आमिष आलं तर साफ नाही म्हणा, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यातच बसत नाही.

प्रश्न: माझ्याकडे एमजीए १५०० आहे, पण आधीच्या मालकाने त्यात अँबॅसिडरचं इंजिन टाकलंय. मस्त पळते. हे सांगायचं की गप्प बसायचं? – नाशिकहून

उत्तर: सांगायचं, कारण तो बोनेट उघडताक्षणी ओळखणारच आहे. गंमत अशी की ज्याने कुणी हे केलं तो अगदीच अडाणी नव्हता. एमजीए १५००चं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, महापालिकेचं नव्हे) १४८९ सीसी बी सिरीज, आणि आपल्या अँबॅसिडरच्या बोनेटखाली कैक वर्षं तेच घराणं होतं. भाऊभाऊच म्हणा, फक्त एमजीला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त दम. पण कलेक्टरच्या दरबारात भाऊ चालत नाही. मूळ इंजिन कुठे गेलं त्याचा तपास करा, त्या जुन्या गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली असलं तर नशीब म्हणायचं, तुटकं असलं तरी घेऊन या. नाही सापडलं तर चालवायला गाडी हवी असणारा गिऱ्हाईक शोधा, शोकेसमध्ये ठेवणारा नको. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे ना तेवढं मात्र नक्की बघा, नसेल तर ट्रान्सफर तिथेच अडकेल. आणि व्हीए नंबरची आशा सोडा, त्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी बसत नाही.

प्रश्न: जुनी गाडी विकून नफा झाला तर टॅक्स?

उत्तर: स्वतःच्या वापरातली घरची गाडी आयकराच्या भाषेत पर्सनल इफेक्ट्स, तिच्यावर कॅपिटल गेन लागत नाही. पण वर्षाला तीन-चार गाड्या घ्यायच्या, सजवायच्या, विकायच्या असं चाललं असेल तर तो धंदा झाला, मग सीएकडे जा, माझ्याकडे नको.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. १९७३ची एमजीबी विकायचीय. बॉडी शेल (बॉडीचा पत्र्याचा सांगाडा) नवीन बसवलंय. गाडीला एमओटी (तिकडची दरवर्षीची गाडी-तपासणी) लागत नाही म्हणतात, मग करूच नको का? – एक वाचक

उत्तर: चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडे मोठे बदल नसतील तर एमओटी माफ आहे, रोड टॅक्सही लागत नाही, हे खरं. पण विकताना करून घ्याच. तिऱ्हाइताने गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितलीय याचा कागद हातात असला की घेणाऱ्याची निम्मी बडबड बंद होते. शेलचं आधी सांगा आणि बिल दाखवा. ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीचं नवं शेल १९८८पासून मिळतंय, एमजीबीच्या सिलला (दाराखालच्या पट्टीला) गंज लागतो हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहितीये, त्यामुळे चांगलं शेल हा काही कमीपणा नाही, लपवलेलं शेल मात्र आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, त्यात गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात आणि कधी बाहेर पडली ते येतं. आणि तुम्ही तिला मधल्या काळात लाल केली असेल आणि सर्टिफिकेटवर हिरवी निघाली, तर रंग बदलायला पैसे घालू नका, घेणाऱ्याला त्याच्या आवडीने करू द्या.